काच पुसण्याची सोय दुसऱ्या पानावर

नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या तरुणाने दार उघडले आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीचे दर्शन घडवावे तशा आदबीने तो म्हणाला, "सर, आत बघा. एकही बटण नाही." खरोखरच नव्हते. एक गुळगुळीत काळी फळी, तिच्या मधोमध भलामोठा टचस्क्रीन आणि बाकी सगळी मोकळी जागा. पत्नीने एकच प्रश्न विचारला, "मग ती बटणं गेली कुठे?" तो प्रश्न त्या वेळी मला अडाणीपणाचा वाटला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

उत्तर पहिल्या पावसात मिळाले. गाडीत आम्ही चौघे होतो, तेवढ्याच ओल्या छत्र्या होत्या, आणि पाहता पाहता समोरची काच आतून धुरकट झाली. जुन्या गाडीत यासाठी एक गोल नॉब होता. त्याच्या कडेला खाच होती, फिरवताना 'कट्' असा आवाज यायचा, आणि रस्त्यावरची नजर न हलवता हात आपणहून तेथे जायचा. नव्या गाडीत आधी स्क्रीनवर खालून वर बोट सरकवायचे, मग 'वातावरण' या शब्दाला स्पर्श करायचा, मग दुसऱ्या पानावर जाऊन एकसारख्या दिसणाऱ्या सहा चित्रांतून वळणदार बाणांचे चित्र निवडायचे. मी ते निवडायला आणि रस्त्यावर खड्डा यायला एकच गाठ पडली. बोट शेजारच्या चित्रावर पडले.

"अहो, मला खालून चटके बसताहेत," पत्नी म्हणाली. तिची सीट तापू लागली होती. ती बंद करण्यासाठी मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो, तेव्हा ती ओरडली, "समोर बघा!" समोर काही दिसत नव्हते म्हणूनच मी इकडे बघत होतो, हे तिला समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

मुलाने सुचवले की माहितीपुस्तिका पाहावी. ती पुढच्या कप्प्यात असावी. परंतु कप्प्याला मूठ नव्हती, कारण तो स्क्रीनवरून उघडतो. तो कसा उघडावा हे पुस्तिकेत लिहिलेले असणार. पुढे कळले की कप्पा रिकामाच होता आणि पुस्तिकाही स्क्रीनमध्येच होती. तिला स्पर्श करताच अक्षरे उमटली : 'आपल्या सुरक्षिततेसाठी वाहन चालू असताना हे पान उघडता येणार नाही.' माझ्या सुरक्षिततेची एवढी काळजी वाहणाऱ्या यंत्रापुढे बोलणेच खुंटले. शेवटी गाडी बाजूला घेतली आणि खिशातल्या रुमालाने काच पुसली.

हे दुःख माझ्या एकट्याचे नाही. 'वी बिलॅगारे' या स्वीडिश मासिकाने 2022 मध्ये एका धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटर वेगाने गाड्या पळवल्या आणि चालकांना सीट तापवणे, काच स्वच्छ करणे, रेडिओ लावणे अशी किरकोळ कामे सांगितली. 2005 सालच्या, बटणांनी भरलेल्या गाडीत ही सगळी कामे 10 सेकंदांत उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळपास 45 सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात ती सुमारे 1,400 मीटर पुढे गेली होती. त्या चालकांना सरावासाठी आधी वेळ दिला होता आणि त्यांच्यापुढे मोकळी धावपट्टी होती. माझ्यापुढे ट्रक होता.

जर्मनीत तर एका चालकाने पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलता बदलता गाडी रस्त्याबाहेर नेऊन झाडांवर घातली. 2020 मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने त्याला 200 युरो दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम केली. गाडीतला स्क्रीनही मोबाइलच्याच नियमात बसतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पाऊस पडत असताना वायपरला हात लावणे हा गुन्हा ठरण्याची वेळ ज्या रचनेने आणली, तिच्यावर मात्र खटला झाला नाही.

याचे खापर आजच्या पिढीवर फोडावे, तर तेही जमत नाही. 1986 च्या ब्यूइक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीमध्ये हिरव्या अक्षरांचा, जुन्या टीव्हीसारख्या काचनळीचा टचस्क्रीन होता. लोक कंटाळले आणि कंपनीने काही वर्षांतच तो काढून टाकला. पुन्हा तो आला यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक असावा, असे माझे मत आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, चाचणी लागते. मागचा कॅमेरा दाखवायला स्क्रीन तर बसवावाच लागतो, मग बाकीचा संसारही त्यातच कोंबला की काम भागते. याला मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी वस्तूंतले सौंदर्य, म्हणतात. पाहुणे येण्यापूर्वी घरातला पसारा पलंगाखाली ढकलणाऱ्याला मात्र कोणी कलावंत म्हणत नाही.

बाहेरच्या बदलांबद्दल माझी तक्रार नाही. गाड्यांच्या तोंडावरच्या जाळ्या जबड्याएवढ्या झाल्या, दिवे डोळे किलकिले केल्यासारखे बारीक झाले. पण ते इतरांना पाहावे लागते, मी आत बसलेला असतो.

आता थोडी आशा आहे. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप'ने 2026 पासून इंडिकेटर, हेझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींना हाताला लागणारी बटणे असावीत, असा आग्रह धरला आहे. यादी मी दोनदा वाचली. धुरकट काच तिच्यात नाही.

म्हणून पत्नीने दाराच्या कप्प्यात एक मऊ फडके कायमचे ठेवले आहे. परवा काच पुसून झाल्यावर, स्क्रीनवर चौघांच्या बोटांचे ठसे उमटले होते म्हणून मी तेच फडके तिकडेही फिरवले. नेमक्या त्या क्षणी तेथे प्रश्न आला होता : 'नवे अपडेट आले आहे. सर्व चिन्हांची जागा बदलेल. सुरू करायचे?' फडक्याने 'हो' म्हटले.