लोगो पाहिजे तेवढे, धड साखळी एक नाही!

तेरा रात्री जागून शिवलेली पर्स काल लक्ष्मी रोडवर भर गर्दीत खांद्यावरून सुटून खाली पडली. साखळी उघडली! मोबाईलची काच फुटली ती फुटली, तिचं मी काही म्हणत नाही. पण ती साखळी विकणाऱ्यांवर माझा इतका संताप झालाय की रात्रभर डोळा लागला नाही.

शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीची २.५५ पर्स बऱ्याच जणींनी फोटोत पाहिली असेल. फेब्रुवारी १९५५ मध्ये आली, म्हणून तेच नाव. तिच्यावरचे तिरक्या चौकटींचे टाके मला फार आवडतात, आणि त्याहून तिची साखळी. तेव्हा तिकडच्या बायका पर्स हातात धरूनच फिरायच्या. कंपनीच्या संस्थापक कोको शनेलने ती साखळीने खांद्यावर घेतली आणि दोन्ही हात मोकळे केले. ती साखळीच तुटणार असेल तर त्या पर्सला अर्थ काय?

मी तशीच पर्स खणात शिवली. आईने ठेवलेला जांभळा खण. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे झाकण आणि पाठ एकसंध निघावी म्हणून तीनदा कागद कापून पाहिला. खाली फोम, त्याखाली मांजरपाट, वर खडूने इंचाइंचावर तिरक्या रेघा. फोमवर खण सरकतो आणि टीप वाकडी जाते, म्हणून आधी सगळीकडे हाताने धावदोरा घातला, आजी गोधडीला घालायची तसा. मग मशीन. सोळा नंबरच्या दोन सुया मोडल्या. मूळ पर्सचं अस्तर मरून आहे, म्हणून मीही मरूनच शोधून आणलं. आजही त्यातला एक टाका हललेला नाही. एकही नाही!

आणि बाजारात काय मिळालं? पेठेतली चार दुकानं पालथी घातली. मला साधं, चौकोनी, फिरवून बंद होणारं लॉक हवं होतं. "ताई, प्लेन नाही येत. हे घ्या ना, दोन सी वालं, हेच खपतं." म्हणजे शनेलचा लोगो! काचेखाली परदेशातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीची अक्षरं चकचकीत मांडून ठेवलेली. अहो, मला कुणाचं नाव चोरायचं नाही! डिझाइन आवडलं, त्यावरून माझ्या हाताने काहीतरी केलं, एवढंच. आईच्या खणावर मी परक्याचा खोटा शिक्का का मारू? बनावट नावं ढिगाने आणि बिननावाचं धड लॉक नाही, हा कुठला धंदा?

साखळीचं तर विचारूच नका. मीटरला तीनशे रुपये मोजले. नुसती वाकवलेली तार, कडीची दोन टोकं एकमेकांना टेकवून सोडलेली, झाळलेली नाहीतच. थोडं वजन पडलं की तोंड उघडतं. मुलामा तीन आठवड्यांत उडाला, पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर काळे पट्टे. आतल्या कप्प्याच्या चेनला रनर दिला तोही चुकीच्या नंबरचा. पुढे बंद होते आणि मागून दात उघडत येतात. परत घेऊन गेले तर, "फॅशनचा माल आहे, गॅरंटी नसते." मग चांगला माल दाखवा म्हटलं. "आहे की, पण ग्रोसवर." एकशे चव्वेचाळीस लॉकं घेऊन मी घरात काय करू?

घरी शिवणाऱ्या बाईला काहीही खपवलं तरी चालतं, असं धरूनच चाललेत हे लोक. एका पर्सचं गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईकच नाही! वर घरी येणाऱ्या प्रत्येकीचं ठरलेलं वाक्य, "कापड घरचंच ना, मग खर्च कसला?" खर्च तेरा रात्रींचा, आणि तो या पत्र्याच्या कड्यांवर टांगलेला.

आज सकाळी ती साखळी उसवून कचऱ्यात टाकली. उद्या तांबट आळीत जाऊन विचारणार आहे, पितळी कड्या झाळून कुणी करून देतं का. दुप्पट पैसे घ्या, पण कडी बंद करून द्या.