तुमच्या नॉर्टन कमांडरबद्दल, आणि मी न केलेल्या फोनबद्दल

नमस्कार.

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. ज्यांनी तुमचा अभिप्राय वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८९ची नॉर्टन कमांडर मोटरसायकल, रोटरी इंजिनाची, सहा वर्षं गॅरेजात उभी. सर्व्हिस आणि कार्ब्युरेटर साफ करायला तुम्ही ती आमच्याकडे आणलीत. आम्ही तीन आठवडे सांगितले होते, अकरा लागले. अंदाज ४२० पौंडांचा दिला होता, बिल १,६९० झालं. घरी नेल्यावर तिने इतका धूर काढला की शेजारी बाहेर आले, ३०० मैलांत तेलाची टाकी निम्मी झाली आणि तिसऱ्या दिवशी गाडी सुरूच होईना. तुम्ही दोन तारे दिलेत.

आधी माझी चूक. इंजिन उघडावं लागेल हे तुम्हाला फोन करून सांगितलं होतं आणि तुम्ही हो म्हणाला होतात. पण उघडल्यावर रोटरच्या (या इंजिनात पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी भागाच्या) बाजूची सीलंही गेलेली दिसली, तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं. मी परस्पर भाग मागवले, आणि पुढचे तीन आठवडे ते येण्याची वाट बघत तुम्हाला एकही फोन केला नाही. याला सबब नाही. न विचारता केलेल्या त्या कामाचे २४० पौंड आज सकाळी तुमच्या खात्यात परत केले आहेत. तारे बदला असं माझं म्हणणं नाही, ते तसेच राहू द्या.

बाकीच्या कामाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही.

तुम्ही लिहिलंय, "रोटरी इंजिनात हलणारे भाग तीनच, मग अकरा आठवडे कसले?" भाग तीनच हे खरं आहे. दोन रोटर आणि एक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, पिस्टन नाही. पण प्रत्येक तिकोनी रोटरच्या तिन्ही टोकांना खाचेत बसवलेलं एकेक पातळ सील असतं. त्याच्याखाली स्प्रिंग असते, आणि ते सील सतत घराच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, भिंतीला घासत फिरतं. रोटरची प्रत्येक बाजू आणि ही भिंत यांच्यामध्ये एकेक कप्पा, असे तीन कप्पे होतात. ५८८ सीसीच्या त्या इंजिनाचा सगळा दम या सहा पट्ट्यांवर आहे. गाडी सहा वर्षं उभी राहिली की जळक्या तेलाचा काळा चिकटा खाचेत वाळतो आणि पट्टी आतच धरून ठेवतो.

तुमची गाडी आली त्याच दुपारी मी दोन्ही प्लग काढले, इग्निशन तोडलं आणि स्टार्टरवर इंजिन फिरवत प्लगच्या भोकासमोर तळहात धरला. डाव्या रोटरने फुस्, फुस्, फुस् असे तीन सारखे फुंकर हातावर मारले. उजव्याने एक सणसणीत मारला आणि मागोमाग दोन मलूल. पुन्हा एक सणसणीत, दोन मलूल. एक टोक अडकलं की त्याच्या दोन्ही अंगांच्या कप्प्यांतून दाब सुटतो, म्हणून नेमके दोन. तुम्ही म्हणता की आधीच्या गॅरेजने कॉम्प्रेशन उत्तम असल्याचं लिहून दिलं होतं. त्यांनी दाब मोजायचा साधा गेज लावला असणार. साधा गेज सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे त्या एका चांगल्या कप्प्याचा. बाकीचे दोन त्याच्यामागे लपतात.

मी भोकातून पातळ तेल सोडून आठ दिवस रोज हाताने इंजिन फिरवलं. कधी कधी तेवढ्याने सील सुटतं आणि गिऱ्हाइकाचे हजारभर पौंड वाचतात. इथे सुटलं नाही. कार्ब्युरेटर पुसून गाडी ठरल्या तारखेला देता आली असती, ती चाललीही असती. पण अडकलेलं सील एखाद्या दिवशी मोटरवेवर तुटलं असतं तर त्याच्या तुकड्यांनी घराची भिंत खरवडली असती. सील नवं मिळतं. घर मिळवायला वणवण करावी लागते, कारण या गाड्या मुळातच मोजक्या. कमांडरची चाकं आणि ब्रेक यामाहाचे, ते कुठूनही आणता येतात. इंजिनाचं तसं नाही. आमच्यापासून वीस मिनिटांवर शेनस्टोनला, नॉर्टनच्या कारखान्यात, ती बनत होती, पण आज तिथे जाऊन काही मिळत नाही.

"याच इंजिनाने टीटी जिंकली," असंही तुम्ही लिहिलंत. आइल ऑफ मॅन बेटावरची मोटरसायकल शर्यत, १९९२ची सीनियर टीटी, नॉर्टनवर स्टीव्ह हिस्लॉप, कार्ल फोगार्टीच्या पुढे ४.४ सेकंद. मलाही त्या शर्यतीचं भारी कौतुक आहे. पण जिंकलेलं इंजिन आणि तुमचं इंजिन यांत एक मोठा फरक आहे आणि तुमच्या धुराचं कारण त्यातच आहे. रोटर आतून तापतो, म्हणून त्याच्या पोटातून थंड हवा न्यावी लागते. शर्यतीच्या गाडीवर नॉर्टनचे इंजिनिअर ब्रायन क्राइटन यांनी ही हवा एक्झॉस्टच्या झोताने ओढून परस्पर बाहेर घालवली. तुमच्या गाडीत तीच हवा रोटरमधून तापून येते आणि नंतर इंजिनातच जाते. गरम हवेने ताकद घटते. त्यावर हे रोटरी इंजिन घडवणारे इंजिनिअर डेव्हिड गार्साइड यांनी काढलेला उपाय बघून मी आजही थक्क होतो. गाडीची पत्र्याची चौकट (फ्रेम) पोकळ ठेवली आहे, हवा आधी तिच्यात शिरून निवते आणि मग कार्ब्युरेटरकडे जाते.

बेअरिंगला दिलेलं तेलही या हवेबरोबर तुषार होऊन जातं, सीलांना वंगण देतं आणि शेवटी जळतं. ते टाकीत परत येत नाही, तशी रचनाच नाही. तेव्हा तुमची टाकी उतरली ती गळतीमुळे नव्हे. गाडीखाली डाग नाही हे तुम्हीच लिहिलंय. मोटरसायकलचं तेल बघायची सवय महिन्याची असते, इथे पेट्रोल भराल तेव्हा दर वेळी बघा. चौकटीत साचलेलं तेल मी सिरिंजने काढलं होतं, तरी कोपऱ्यांत थोडं राहतंच आणि पहिल्या काही फेऱ्यांत ते धूर होऊन निघतं. शेजाऱ्यांसमोर तुमची पंचाईत झाली, ती मी गाडी देताना दोन वाक्यं बोललो असतो तर टळली असती.

आता तिसरा दिवस. तुम्ही गाडी धुवायला गॅरेजातून बाहेर काढलीत आणि दहा सेकंदांत बंद केलीत. थंड रोटरीला हे अजिबात सोसत नाही. पेट्रोलने प्लग ओले होतात आणि पुढच्या वेळी ठिणगीच पडत नाही. दोन पावलं हलवायची असेल तर ढकला. सुरू केलीत तर पुरती गरम होईपर्यंत चालवा.

थ्रॉटल सोडल्यावर गाडी अंगावर आल्यासारखी पुढे जाते, असंही तुम्ही लिहिलंय. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन स्वतःच गाडीला आवरतं, तो इंजिनाचा ब्रेक. रोटरीला तो जवळजवळ नसतोच. तुमचे ब्रेक मी स्वतः तपासलेत, ते ठीक आहेत, फक्त ते थोडे आधी दाबायची सवय लागेल.

शनिवारी सकाळी नऊला याल का? नवे प्लग मी घालून देतो, त्याचे पैसे नाहीत. गाडी व्हॅनमधून थंडच आणा, घरून सुरू करून बघू नका. प्लग काढल्यावर तळहात तुम्हीच धरा. दोन्ही बाजूंना तीन-तीन सारखे फुंकर लागले नाहीत तर इंजिन पुन्हा मी माझ्या खर्चाने उघडेन. आणि उघडायच्या आधी तुम्हाला विचारेन.