कोयनेची रील आणि बुडालेल्या जमिनीचा सातबारा

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कोयना धरणाची रील टाकली. सहाही वक्र दरवाजे उघडलेले, वरून ड्रोन फिरतोय, मागे ढोलताशा. दिसतं सुंदरच, त्यात वाद नाही. खाली 'महाराष्ट्राची वरदायिनी', जोडलेले हात, तिरंगे. इथवर ठीक होतं. मग आमच्या बी विंगमधल्या एका काकांनी लिहिलं की अशी आणखी धरणं झाली असती तर आज आपण कुठल्या कुठे असतो, पण आंदोलनवाल्यांनी वाट लावली. लाईट हवी तर कुणाला तरी उठावं लागणारच. धडाधड अंगठे आले त्यावर.

कुणाला तरी. म्हणजे आपण सोडून कुणालाही.

हेच काका पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगतात, की बिल्डरने बँक गॅरंटी, कॉर्पस आणि भाड्याचे चेक हातात ठेवल्याशिवाय मी घराची किल्ली देणार नाही. बरोबरच बोलतात. मीही त्यांच्या बाजूनेच हात वर केला होता. पण दोन खोल्या नि एक बाल्कनी सोडताना एवढी घासाघीस करणारा माणूस अख्खं खोरं सोडणाऱ्यांना मुकाट उठायला सांगतो, तेव्हा माझी सटकते.

एवढी का तडकलेय, तर आबांमुळे.

आबा म्हणजे माझ्या आईचे मामा. त्यांचं गाव शिवसागर, म्हणजे कोयनेच्याच जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. धरणाचं काम १९५६ च्या सुमाराला सुरू झालं आणि १९६४ साली पुरं झालं. मधल्या कुठल्याशा उन्हाळ्यात यांची बिऱ्हाडं ट्रकमध्ये भरली आणि सोलापूर जिल्ह्यात एका माळावर नेऊन उतरवली. आबांना तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. धो धो पावसात भात, नाचणी, वरई करणारी माणसं ही. ज्वारी कधी पेरायची हेसुद्धा शेजारच्या गावाला विचारून शिकली. आणि ते शेजारचं गाव म्हणायचं, कुठले हे उपरे, आमच्या गायरानात येऊन बसलेत. म्हशी ट्रकमधून उतरल्या त्या दिवसभर झाड शोधत हिंडत होत्या, असं आबा सांगतात. सांगताना हसतात.

काही वर्षांपूर्वी आबा नातवासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायला निघाले. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी तो लागतो. 'तुला सायबांसंगं बोलाय येतंय, तू चल,' म्हणून मला बरोबर घेतलं. काखेत कापडी पिशवी, आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. खिडकीमागच्या माणसाने कागद न उलगडताच विचारलं, 'बारा-दोनची नोटीस आहे?' म्हणजे भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस, इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यातली. आबांचे वडील अंगठेबहाद्दर. नोटीस आली असली तरी चुलीत गेली असेल. 'कब्जेपट्टी?' म्हणजे जमिनीचा ताबा घेतल्याचा कागद. तोही नाही. 'बरं, मग त्या जमिनीचा सातबारा तरी घेऊन या.'

आबा शांतपणे म्हणाले, 'सायेब, जमीन पाण्यात हाय. बुडी मारून आणू व्हय?'

रांगेतले हसले. आतला माणूस नाही हसला. 'पुढचा,' म्हणाला.

आता रीलवाल्यांसाठी. दरवाजांतून पडणाऱ्या पाण्यालाच कोयनेची वीज समजत असाल, तर ते पाणी बहुतांशी सांडव्यातून तसंच खाली जातंय. खरी वीज होते ती डोंगराच्या पलीकडे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी मुळात पूर्वेला जाणारं. आपण ते अडवलं आणि बोगद्यातून उलटं पश्चिमेला काढलं, सह्याद्रीच्या कड्याची उंची मिळावी म्हणून. पोफळीला डोंगराच्या पोटात जनित्रं, तिथून पाणी कोळकेवाडीला, तिथे त्याच पाण्यावर पुन्हा वीज, मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्रात. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाने मुभा दिली. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅटच्या आसपास. १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळालाच बोगद्याचं तोंड फोडलं, लेक टॅपिंग म्हणतात त्याला, ते वाचताना माझ्याही अंगावर काटा आला होता. इंजिनिअरांशी माझं भांडण नाही.

जलविद्युतचा मोठा गुण असा, की ती काही मिनिटांत सुरू होते आणि काही मिनिटांत बंद. कोळशाच्या संचाला ते जमत नाही. म्हणून ही वीज राखून ठेवतात मागणी चढते त्या वेळेसाठी, म्हणजे तुम्ही-आम्ही घरी येऊन एसी, टीव्ही, मायक्रोवेव्ह सगळं एकदम लावतो तेव्हासाठी.

आबांच्या शेतावर थ्री फेज, म्हणजे पंपाला लागते ती वीज, कधी येते माहितीये? एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला हा म्हातारा बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. साप, विंचू, चिखल. मध्येच डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर पुढचे चार दिवस तेही नाही. ज्याच्या बापाच्या घरावर पाणी उभं करून आपण आपली संध्याकाळ उजळली, तो माणूस रात्री दोन वाजता लाईट आली का बघायला स्टार्टरच्या पेटीपाशी बसतो. याच्यावर काय लिहायचं? मला फक्त शिव्या सुचतायत आणि इथे आईच्या मैत्रिणी आहेत.

हो, कोयना नसती तर मुंबईच्या गिरण्या नि आपले कारखाने अंधारात राहिले असते. कोळसा जाळण्यापेक्षा पाणी बरं, हेही मान्य. झालं? पुढे.

महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. आबांचं गाव बुडून तोवर दशकाहून जास्त लोटलं होतं. त्या कायद्यातली कल्पना चांगली होती: धरणामुळे ज्यांची जमीन भिजणार, त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून थोडी थोडी जमीन घ्यायची आणि उठलेल्यांना द्यायची. पण कोयना मुळात विजेसाठी बांधलेली. तिचा मोठा लाभ कालव्याने नाही, तारेने गेला. मुंबईतल्या दिव्याखालची किती गुंठे जमीन घेणार? ज्याला फायदा झाला तो दिसतच नाही, त्यामुळे त्याला कुणी काही मागितलंही नाही. त्याला म्हणजे मला आणि तुम्हाला.

आणि जे उठलेच नाहीत त्यांचं बघा. काही जण पाणी चढलं तसे वर सरकत डोंगरात राहिले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, कोयनानगर आडवं झालं, दोनशेच्या घरात माणसं गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचं नाव शिकवतात. पुढे १९८५ साली त्याच डोंगरांत अभयारण्य आलं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. म्हणजे आधी पाण्यासाठी उठा, मग वाघासाठी उठा. (वाघावर माझा राग नाही. त्याला तर कुणी विचारलंही नसेल.) आपण याच जलाशयाकाठच्या तापोळ्याला जाऊन बोटीत फोटो काढतो, 'मिनी काश्मीर' म्हणून टाकतो. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं त्याच पाण्यातून लाँचने किंवा तराफ्याने दवाखाना गाठावा लागला, बाळंतिणीसकट.

बी विंगचे काका म्हणतील, हे जुनं झालं, आता नाही असं होत. काका, २०१८ साली याच कोयना धरणग्रस्तांनी श्रमिक मुक्ती दलाबरोबर, भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली, कोयनानगरला ठिय्या मारला होता. धरण पुरं होऊन चोपन्न वर्षं झाल्यावर! आणि मागत काय होते, तर आमच्या याद्या नीट करा, कबूल केलेली जमीन द्या. म्हणजे अजून याद्याच चालू आहेत. माझं विजेचं बिल तारखेला भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी मेसेज, पुढे माणूस दारात, पुढे मीटर बंद. या लोकांचं देणं आपण दोन पिढ्या थकवलंय आणि आपल्या घरातला एक बल्ब मिणमिणला नाही.

बरं, हे काही कोयनेपुरतं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुळशीला हेच झालं. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालं, वीज मुंबईला गेली. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या वेळी निदान १९७९ च्या लवादाने 'जमिनीला जमीन' हे कागदावर आणलं, आणि ते कागदावरून खाली उतरावं म्हणून अक्कलकुवा-अक्राणीच्या आदिवासींना गळ्याइतक्या पाण्यात उभं राहावं लागलं. चळवळींनीही कधीकधी ताणून धरलं, नाही असं नाही. पण ताणलं नसतं तर तेवढंही मिळालं नसतं. धरणांना आधुनिक भारताची मंदिरं म्हणणारे नेहरूसुद्धा १९५८ साली अवाढव्य प्रकल्पांच्या वेडाला रोग म्हणून मोकळे झाले होते. ते वाक्य मात्र कुठल्या रीलवर येत नाही.

जरा थांबते. चहा घेऊन आले, आता थोडी शांत आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्या रागाच्या आड येते म्हणूनच सांगते. आबांना धरणाचा राग नाही. जुलै लागला की त्यांचा फोन येतो. 'पेपरात बघ की, धरण कितीवर आलं?' मी सांगते, आबा, ऐंशी टीएमसी. 'आजून पंचवीस पायजे.' एकशे पाच टीएमसीला भरतं हे त्यांना पाठ आहे. नव्वदीच्या पुढे गेलं की आवाज खुलतो. भरलं की माळावर बसून पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटतात, आमचं धरण भरलं. आमचं! मी एकदा न राहवून म्हटलं, 'आबा, तुमचं काय त्यात?' तर म्हणाले, 'आगं, माझं घर हाय की तिथं.'

म्हणून मला कुणी 'धरणविरोधी' म्हणू नका. आबाच नाहीत, तर मी कोण? माझं म्हणणं साधं आहे. आधीची देणी चुकती करा, मग पुढचा नारळ फोडा.

कारण पुढचे नारळ तयार आहेत. उदंचन प्रकल्प नावाची नवी लाट आलीये. दिवसा सौर वीज स्वस्त असते, तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज करायची. म्हणजे एक तळं वर, एक खाली, मध्ये उभा कडा. असा कडा कुठे आहे? सह्याद्रीत. २०२३ साली राज्याने त्यासाठी धोरणही आणलं, खासगी कंपन्यांशी करार होतायत. कल्पना वाईट नाही. सूर्याची वीज रात्रीसाठी साठवायला हवीच. कोयनेच्या मानाने ही तळी लहान असतात, तेही खरं. पण लहान तळ्याच्या जागीही कुणाचं तरी वावर असतं, देवराई असते, आणि तिथे पुन्हा तोच कारकून खिडकीमागे बसलेला असणार आहे. बारा-दोनची नोटीस आहे?

(नवा भूसंपादन कायदा २०१३ चा आहे, नोटिशीचं कलम बदललंय, मला माहितीये, वकील मित्रांनी कमेंटमध्ये शिकवू नये. खिडकी बदललेली नाही.)

त्या दिवशी शेवटी काय झालं ते विचाराल. आम्ही चार खिडक्या फिरलो. एका जुन्या शिपाईमामांनी संकलनाच्या, म्हणजे उठलेल्या खातेदारांच्या नोंदवहीत बघा म्हणून सुचवलं, तिथे आबांच्या वडिलांचं नाव सापडलं, आडनाव चुकीचं. मग ते दुरुस्त करायचा अर्ज, मग प्रतिज्ञापत्र, मग पुढच्या महिन्यात या. आबांनी प्रत्येकाला 'उपकार झालं सायेब' म्हटलं. मला ते ऐकवत नव्हतं. कुणी कुणाचे उपकार मानायचे? बाहेर येऊन मी त्यांच्यावरच चिडले, तर म्हणाले, 'पोरी, गोड बोलावं लागतंय. काम त्यांच्या हातात हाय.' दाखला मिळाला खूप नंतर. नातवाचं वय तोवर भरतीच्या पलीकडे गेलं होतं. तो आता शेतात सौर पंप बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे, आणि बरं चाललंय त्याचं, उगाच कुणी हळहळू नका.

एडिट: खाली तीन-चार जणांनी विचारलंय, 'मग उपाय काय? नुसती टीका सोपी असते.' उपाय मी शोधायची गरज नाही, सरकारनेच लिहून ठेवलाय. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात आहे: प्रकल्प सुरू झाल्यापासून दहा वर्षं प्रत्येक बाधित कुटुंबाला महिन्याला १०० युनिट वीज द्यायची, शिवाय एक टक्का वीज स्थानिक विकासासाठी वेगळी काढायची. अर्थात हे नव्या प्रकल्पांसाठी. कोयना १९६४ ची, म्हणून आबा त्यात बसत नाहीत. तर बसवा. मागच्या तारखेपासून लागू करा, संकलनाच्या याद्या गावोगावी जाऊन पुऱ्या करा, बुडालेल्या जमिनीचा सातबारा मागणं बंद करा, आणि त्यासाठी माझ्या बिलात युनिटमागे चार पैसे वाढवायचे तर वाढवा. बी विंगचे काका, तुमचं काय म्हणणं? तुमच्याही बिलात वाढतील. ग्रुपवर विचारलंय मी, अजून उत्तर आलेलं नाही.