‘मेलेला दात पुन्हा जिवंत होतो’ म्हणे!

“मुलाचा पुढचा दात मार लागून मेला तर रूट कॅनल करू नका. नव्या उपचारात नस पुन्हा उगवते, मूळ पूर्ण वाढतं, दात आयुष्यभर टिकतो. दवाखान्यात एकदाच जायचं.” यवतमाळकडच्या पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज जोरात फिरतोय. उपचार खरा आहे, त्याला रिजनरेटिव्ह एंडोडोन्टिक्स म्हणतात. दावे मात्र फुगवलेले.

“नस पुन्हा उगवते.” वरचे मधले दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, मूळ पूर्ण व्हायला पुढे तीनेक वर्षं लागतात. तेवढ्यात सायकलवरून किंवा आट्यापाट्या खेळताना पडून दात मेला, की मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळच राहतात. डॉक्टर आतली पोकळी औषधी पाण्यानं धुतात, काही आठवडे औषधाचा लेप ठेवतात, मग टोकापलीकडे टोचून आत रक्त आणतात. गुठळी झाली की वर एमटीएसारखं सिमेंट. गुठळीबरोबर आलेल्या पेशी पोकळी भरून काढतात खऱ्या, पण असे दात पुढे काही कारणानं काढावे लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा आत बहुतेकदा हाडासारखी किंवा मुळावरच्या आवरणासारखी ऊती दिसली. जुनी नस नाही.

“मूळ पूर्ण वाढतं.” कधी वाढतं, कधी नुसतं टोक मिटतं, कधी काहीच होत नाही. मार लागलेल्या दातात तर मूळ घडवणारा पेशींचा थरच चेचलेला असू शकतो. या शास्त्रातले तज्ज्ञसुद्धा यश म्हणून आधी जंतुसंसर्ग जाणं आणि मुळाभोवतीचं हाड भरणं मोजतात. मुळाची वाढ त्यानंतर.

“आयुष्यभर टिकतो.” दंततज्ज्ञ इवाया आणि सहकाऱ्यांनी अशी केस छापली २००१ मध्ये, बँक्स आणि ट्रोप यांनी पद्धत मांडली २००४ मध्ये. आयुष्यभराचा पुरावा आणणार कुठून? बरेच दात टिकतात, हे खरं. पण काहींत वर्षांनंतर संसर्ग उलटतो, काही हिरडीजवळ मोडतात, काही काळपट पडतात. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक असलेल्या लेपानं तर बहुतेकदा रंग बदलतो.

“एकदाच जायचं.” सगळ्यात घातक वाक्य हेच. उपचारालाच किमान दोन खेपा लागतात. पुढे दोन वर्षं साधारण सहा महिन्यांनी एक्स-रे, नंतर वर्षाला एकदा. आपल्याकडे कापूस वेचणी सुरू झाली की घरात एकच उत्तर, “दुखत नाही न, मंग कायले न्याचं?” पण मुळाशी उलटलेला संसर्ग अनेकदा दुखतच नाही, तो एक्स-रेतच दिसतो. फेऱ्या जमणार नसतील तर एमटीएनं टोक बंद करून दात भरण्याची पद्धत जास्त भरवशाची. मूळ वाढत नाही, भिंती पातळच राहतात, तपासणी तिलाही लागते. पण दात टिकण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या. त्यामुळे डॉक्टरांनी ती सुचवली म्हणजे ते लुटतात, असं समजू नये.

मेसेजनं एक गोष्ट गाळलीच. दात तुटून आत लाल ठिपका दिसत असेल, तर नस बहुधा अजून जिवंत असते. तिचा वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून झाकण घातलं, की मूळ स्वतःच्याच नसेवर वाढत राहतं. त्यासाठी पोराला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे न्या. गावाजवळ सोय नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.