शोभेच्या आवाजावर चालणारा खेळ

‘गेमचा आवाज बंद करा, मुलांचे वेड आपोआप उतरेल. आवाज निव्वळ शोभेपुरता असतो, त्यात मेंदूचा ताबा घेणाऱ्या छुप्या लहरी भरलेल्या असतात आणि हेडफोनने कान कायमचे जातात.’ हा मजकूर ताईच्या व्हॉट्सॲपवर आला आणि त्याच संध्याकाळी भाच्याचा हेडफोन कपाटात गेला. भाच्याला जन्मापासून अंधूक दिसते, एवढे सांगितले म्हणजे मी का चिडलो ते कळेल.

आधी ‘शोभेपुरता’ या शब्दाकडे वळतो. 2023 साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 6’ या खेळात प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, बसलेला फटका वरचा होता, मधला की खालचा, हे वेगवेगळ्या ध्वनींतून कळवण्याची सोय मुद्दाम दिलेली आहे. भाचा खेळतो तेव्हा त्याची नजर पडद्यावर नसतेच; मान किंचित कलती करून तो ऐकतो आणि समोरचा टप्प्यात आल्याचा ध्वनी कानी पडताच बोटे बटणांवर चालू लागतात. त्याचा आवाज काढून घेणे म्हणजे डोळस मुलासमोरचा पडदा काळा करून ‘आता खेळ’ म्हणण्यासारखे आहे.

उत्तम दिसणाऱ्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या परग्रहवासी टिपण्याच्या खेळात चारच खर्जातले स्वर फिरून फिरून वाजत, आणि परग्रहवासी कमी होऊन उरलेल्यांचा वेग वाढला की त्या स्वरांची लयही वाढत जाई, संकट जवळ आल्याची घाई खेळणाऱ्याला त्या लयीतूनच जाणवे. आजच्या नेमबाजीच्या खेळांत भिंतीआडच्या शत्रूची पावले डावीकडून येत आहेत की उजवीकडून, हे दिसण्याआधी ऐकू येते.

छुप्या लहरींबद्दल काय बोलावे? जी गोष्ट शोभेपुरती आहे तीच मेंदूचा ताबाही घेते, हे एका दमात लिहिणाऱ्याने आधी आपलाच मजकूर पुन्हा वाचायला हवा होता.

कानांचे म्हणणे मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धे मान्य करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबल आणि मुलांसाठी 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास, अशी सांगितली आहे, आणि आवाज जसा वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. पण ही मर्यादा आवाजाच्या पातळीची आणि वेळेची आहे. ती पाळायला आवाज कमी करावा लागतो, हेडफोन कपाटात ठेवावा लागत नाही, हे मी ताईला फोनवर दोनदा सांगितले. कपाटाची किल्ली अजून तिच्याकडेच आहे.