पगारी प्रचारक? ही तर पदरमोड करणारी पोरं

मराठी व्हॉट्सअॅप गटांमध्ये अधूनमधून एक मजकूर फिरत येतो. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेल्या दोन गोऱ्या पोरांचा फोटो आणि त्याखाली पाच-सहा ओळी. अमेरिकेतलं मॉर्मन चर्च या पोरांना भरगच्च पगार देतं. हवा तो देश निवडून दोन वर्षं फुकट हिंडायला मिळतं. बाटवलेल्या प्रत्येक माणसामागे कमिशन. घरच्यांशी बोलायला बंदी. परत गेल्यावर चार-चार बायका. आणि हे लोक आता नव्यानेच भारतात शिरलेत.

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो शहराच्या जवळ राहते. ज्या घरातून कुणीच असं ‘मिशन’वर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचारासाठी, गेलं नाही, असं घर आमच्या गल्लीत शोधावं लागेल. त्यांचा धर्म माझा नाही आणि होण्याची शक्यताही नाही. पण या मजकुरातली एकही ओळ धड नाही, आणि ज्यावर खरोखर बोट ठेवावं ते त्यात कुठेच नाही.

पगारापासून सुरुवात करू. पगार शून्य. उलट मुलगा किंवा त्याचे आईवडील दर महिन्याला चर्चकडे पैसे भरतात. अमेरिकन मुलांसाठी ही रक्कम जुलै 2020 पासून 500 डॉलर आहे, त्याआधी 400 होती. दोन वर्षांचे झाले 12,000 डॉलर. 1991 च्या आधी तर ज्याला जिथे पाठवलं तिथला खर्च त्यानेच सोसायचा, म्हणजे महागड्या शहरात नेमणूक झाली की घरच्यांचं कंबरडं मोडायचं. आता एका देशातल्या सगळ्यांना सारखीच रक्कम आणि गरीब देशांतल्या मुलांना मदत मिळते. त्या पैशांतून घरभाडं भागतं, किराण्यापुरती जेमतेम रक्कम हाती येते. इथली मुलं लोकांच्या अंगणातलं गवत कापून, पिझ्झाच्या दुकानात राबून शाळेत असल्यापासून यासाठी पैसे साठवतात.

आता याच ठिकाणी खरा प्रश्न विचारता आला असता. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने हे चर्च आणि त्याची गुंतवणूक सांभाळणारी संस्था यांना मिळून 50 लाख डॉलर दंड केला. कारण काय, तर शेअर्समधली अब्जावधींची गुंतवणूक अनेक कागदी कंपन्यांच्या नावांआड लपवली होती. इतकी पुंजी गाठीशी असलेल्या चर्चने अठरा वर्षांच्या पोराकडून महिन्याला 500 डॉलर का घ्यावेत? हे मी इथल्या चर्चमध्ये जाणाऱ्या शेजाऱ्यांनाही विचारते. त्याग केल्याशिवाय किंमत कळत नाही, असं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही, पण निदान तो वाद खऱ्या गोष्टीवरचा आहे.

‘हवा तो देश’ ही तर निव्वळ थाप. मुलगा अर्ज करतो, डॉक्टर आणि दाताच्या डॉक्टरकडून तपासणी होते, स्थानिक बिशप मुलाखत घेतात. मग सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून नेमणूक येते. पूर्वी पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन कळतं. सगळं खानदान दिवाणखान्यात गोळा होतं, मुलगा मोठ्याने वाचतो, आणि डोळ्यांपुढे इटली असलेल्या पोराच्या वाट्याला शेजारचं आयडाहो येतं. मग टाळ्या वाजतात, थोड्या उशिराने. प्रोव्होतल्या प्रशिक्षण केंद्रात इंग्रजीवाल्यांना तीनेक आठवडे, स्पॅनिशवाल्यांना सहा, अवघड भाषावाल्यांना नऊ, आणि पुढे रवानगी.

आता हिंडण्याबद्दल. त्यांचा एक आठवडाच पाहा ना. सोमवार हा ‘तयारीचा दिवस’. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी ईमेल, वेळ उरला तर बास्केटबॉल नाहीतर जवळपासचं एखादं ठिकाण. तेही संध्याकाळी सहापर्यंत, मग पुन्हा टाय. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही. समुद्रकिनारी नेमणूक झाली तरी पाण्यात उतरायचं नाही, पोहायला मनाई आहे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच.

बाकीचे दिवस एकाच साच्यातले. साधारण साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीदाराबरोबर धर्मग्रंथाचा अभ्यास, परकी भाषा असेल तर तिचा आणखी तास. मग बाहेर. दारं ठोठावणं पूर्वीपेक्षा कमी झालंय, त्याची जागा फोनवरच्या निरोपांनी आणि फेसबुकने घेतली आहे. तरी रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून बोलणं सुटलेलं नाही. कुणाचं सामान हलवून दे, कुणाच्या दारातला बर्फ उपसून दे, हेही असतं. आठवड्यातून एकदा आसपासच्या जोड्यांची बैठक, मिशनच्या, म्हणजे त्या भागातल्या प्रचारकांच्या, अध्यक्षांना साप्ताहिक पत्र, पुढच्या आठवड्याचं नियोजन. रात्री नऊपर्यंत खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. 2017 मध्ये वेळापत्रक थोडं सैल केलं, पण सैल म्हणजे सकाळच्या कार्यक्रमांचा क्रम इकडेतिकडे करता येतो, इतकंच. रविवारी चर्च, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास.

यात सगळ्यात जाचक मला वाटतो तो जोडीदाराचा नियम. बाथरूम सोडलं तर चोवीस तास दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात राहायचं. जोडीदार निवडता येत नाही, वरून नेमला जातो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, तेव्हा जोडी किंवा गाव बदलू शकतं. घोरणारा, अबोल, अति उत्साही, कसाही असो, त्याच्याबरोबर उठायचं, जेवायचं, नकार ऐकायचे. लग्नातसुद्धा माणूस ऑफिसला जातो! एकदा अशीच दोन पोरं आमच्या दारात आली. मी घरी एकटी आहे कळल्यावर ती आत आलीच नाहीत, कारण तोही नियमच. सवयीने चहा विचारला तर एकमेकांकडे पाहून हसली. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. शेवटी पायरीवर उभ्याउभ्या लिंबू सरबत प्यायली. जगप्रवासाला निघालेल्या माणसाचा तोरा काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

कमिशनचा मुद्दा आकड्यांवरच कोसळतो. चर्चच्याच अहवालानुसार 2024 अखेर असे 74 हजारांवर प्रचारक होते आणि त्या वर्षात 3,08,682 जणांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे वर्षभराच्या वणवणीनंतर माणशी चारेक. कमिशनवर जगायचं ठरवलं असतं तर पोरं उपाशी मेली असती. मिट रॉम्नी, तेच ज्यांनी 2012 मध्ये ओबामांविरुद्ध निवडणूक लढवली, ते 1966 ते 1968 या काळात फ्रान्समध्ये प्रचारक होते. गव्हर्नरचा मुलगा, आणि बोर्दोसारख्या वाइनच्या माहेरघरात जाऊन दारू सोडा म्हणून सांगत होता. काय पदरी पडलं असेल याचा अंदाज करा.

पण पैशाचं कमिशन नाही म्हणून आकड्यांचा दबाव नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. किती नवे लोक शिकताहेत, किती जण रविवारी आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, हे नोंदवावं लागतं. या दबावाने पूर्वी वाईट वळण घेतलं आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1960 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये प्रचारकांनी पोराटोरांना बेसबॉलच्या संघात घेऊन बाप्तिस्मे उरकले. त्यातल्या अनेकांना आपण कशात सामील झालो याचा पत्ताच नव्हता. पुढे चर्चलाच ते निस्तरावं लागलं. मजकूर लिहिणाऱ्याने हे प्रकरण वाचलं असतं तर कमिशनची लोणकढी मारायची गरज पडली नसती.

घरच्यांशी बोलायला बंदी ही ओळ मात्र कधीकाळी सत्याच्या जवळ होती. फेब्रुवारी 2019 पर्यंत आठवड्याला ईमेल चालायचा, पण फोन वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. इथल्या आया सोमवारी फोन हातातून खाली ठेवत नाहीत.

चार बायकांचं काय सांगायचं? बहुपत्नीत्व थांबवण्याची घोषणा या चर्चने 1890 मध्ये केली. आज तसं करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. ज्या गटांच्या बातम्या तुम्ही पाहता, ते केव्हाच फुटून निघालेले वेगळे पंथ आहेत.

भारतात ‘नव्याने’ शिरल्याची ओळ तर सरळ पुसून टाका. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक 1851 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही काम करून गेला. हाती फारसं काही लागलं नाही आणि काही वर्षांतच तो प्रयत्न आटोपला. अलीकडच्या काळातलं बेंगळुरूचं मिशन 1993 चं, दिल्लीचं 2007 चं.

राहता राहिलं ते, जे त्या मजकुरात यायला हवं होतं. मुलग्यांसाठी मिशन हे कर्तव्य मानलं जातं, मुलींसाठी ऐच्छिक. 2012 मध्ये मुलग्यांची किमान वयोमर्यादा 19 वरून 18 वर आणली, म्हणजे शाळा संपते आणि पोरगा थेट मिशनवर. मध्ये घराबाहेर राहून स्वतः विचार करायला वर्षही मिळत नाही. जावंसं वाटत नाही असं अठराव्या वर्षी आजी-आजोबांसमोर बोलायला छाती लागते. आणि जो नैराश्यामुळे किंवा तब्येतीमुळे सहा महिन्यांत परत येतो, त्याच्याबद्दल गल्लीत कुजबुज होते. विमानतळावर फलक घेऊन स्वागताला जाणारे लोक त्याच्या वेळी नसतात. घरी राहून सेवेचं मिशन करायचा पर्याय आता चर्च देतं, आणि तो चांगला आहे. पण त्या मुलाच्या आईला दुकानात भेटणाऱ्या बायका अजूनही पहिला प्रश्न हाच विचारतात: इतक्या लवकर कसा आला?