प्लास्टिकमुक्त सोसायटी : करून दाखवाच!

सोसायटीत प्लास्टिक गोळा करायची मोहीम काढताय? शुभस्य शीघ्रम्! पण आधी फ्लेक्स छापा. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो आणि भंगारवालाही तो घेताना नाक मुरडतो, त्यामुळे तुमचं कार्य चिरकाल टिकेल. नगरसेवकांचा फोटो पृथ्वीच्या गोळ्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर साहेब यायचे नाहीत. पाणी छोट्या बाटल्यांतूनच द्या. पाहुण्यांनी दोन घोट घेऊन बाटली खुर्चीखाली सोडावी. गोळा करायला काहीतरी हवं ना!

कायद्याला भिऊ नका. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड ठरला. आपण चार दिवस कापडी पिशवी मिरवली आणि मग भाजीवाल्या मावशींनाच दरडावलं, "पिशवी नाही? मग राहू दे कोथिंबीर!" जुलै २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या ग्लास-चमच्यांवर देशभर बंदी आली. तेही पचलं.

आता घरचं काम. दुधाची पिशवी कापताना कोपरा पार तोडून टाका. तो पिशवीला लटकत ठेवलात तर तिच्याबरोबर भंगारात जाईल आणि गटारात पोचायची त्याची संधी हुकेल. पिशवी विसळायची तर अजिबात नाही. विसळून वाळवलेली पिशवी विकली जाते, चार पैसे मिळतात. असली सवय कचरा वेचणाऱ्या बाईंना लावू नये. तीत कालचं वरण, चहाचा चोथा भरा आणि गाठ अशी मारा की ती दातांनीही सुटू नये.

वेफर्सची पाकिटं मात्र आवर्जून द्या. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं कुणाला परवडत नाही, म्हणून भंगारात त्यांना कुणी विचारत नाही. पण पोतं कसं टम्म फुगतं! फोटोत तेच दिसतं. डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा दिसला की 'रिसायकल होतं' म्हणून मोकळे व्हा. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, हे चारचौघांत बोलू नका. लोक हिरमुसतात.

राहता राहिल्या बाई. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार फिरून कचरा नेते. बाटली वेगळी, पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा हे तिथल्या बायकांचे हात रोज करतात. म्हणजे तुमची मोहीम कधीचीच चालू आहे, फक्त उद्घाटन राहिलंय. तुमच्याकडेही अशा कुणी येत असतील, तर उद्घाटनाला त्यांना बोलवा, पण मागच्या फाटकाने. खुर्ची नको, झाडू द्या, फोटो नैसर्गिक येतो. त्यांनी हातमोजे मागितले तर "वरून आले की देऊ" म्हणा, महिन्याचे पैसे वाढवून मागितले तर "सर्वसाधारण सभेत बघू". त्या सभेत मोहिमेच्या टी-शर्टांचा खर्च आधी मंजूर करून घ्या. पॉलिएस्टरचेच घ्या, स्वस्त पडतात.